आकाशाच्या शिवेवर

मुंबईहून नैरोबीला निघालेले विमान धावपट्टी सोडते तेव्हा ते टॉवरच्या ताब्यात असते. थोड्याच वेळात टॉवर ते अप्रोचकडे सोपवतो आणि अप्रोच एरियाकडे. किनारा बराच मागे पडला की रडारचा आवाका संपतो. पुढचा कारभार खरखरणाऱ्या एचएफ रेडिओवर किंवा उपग्रहामार्फत येणाऱ्या लेखी संदेशांवर चालतो. समुद्रावर कुठेतरी मुंबईची हद्द संपते आणि मोगादिशूची किंवा सेशेल्सची सुरू होते. शेवटी विमान नैरोबीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर उमटते. आतल्या प्रवाशाला यातले काहीच जाणवत नाही, आणि जाणवू नये यासाठीच ही सगळी यंत्रणा राबत असते.

अशा प्रत्येक हस्तांतरात एक देणारा असतो आणि एक घेणारा. देणाऱ्याने आधीच कळवायचे असते की अमुक विमान अमुक ठिकाणी, अमुक मिनिटाला, अमुक उंचीवर तुझ्या हद्दीत येईल. घेणाऱ्याने ते ऐकायचे, परत म्हणून दाखवायचे आणि मान्य करायचे किंवा नाकारायचे. नियंत्रण कक्षात याला ‘एस्टिमेट पास करणे’ म्हणतात. एका एस्टिमेटला जेमतेम अर्धे मिनिट लागते. जगभर रोज असंख्य वेळा हे बिनबोभाट पार पडते. हा संग्रह आहे तो ते पार न पडण्याविषयी, म्हणजेच दोन नियंत्रण केंद्रांमधल्या समन्वयाविषयी, आणि तो का तुटतो याविषयी.

हवाई अपघात म्हटले की आपल्याला वैमानिकाची चूक, इंजिनातला बिघाड, धुके किंवा वादळ आठवते. नियंत्रकाची चूक हेही कारण आपण ऐकलेले असते. पण तपासाचे अहवाल सलग वाचत गेल्यावर वेगळेच काही दिसू लागते. प्रत्येक केंद्र आपापल्या हद्दीत बऱ्यापैकी चोख असते. घोटाळा होतो तो शिवेवर. दोन गावांच्या शिवेवर प्रेत सापडले की पंचनामा कोणत्या ठाण्याने करायचा यावर वाद घालण्यात वेळ जातो. आकाशातल्या शिवेवर वादही होत नाही, कारण दोघेही दुसऱ्याला ठाऊक असेलच असे धरून चालतात. माझ्या मते या विषयाचे मर्म या गृहीत धरण्यात आहे. देणाऱ्याने सांगितले की नाही, याची चौकशी प्रत्येक तपासात होते. घेणाऱ्याने विचारले का, आणि विचारणे हे त्याचे काम आहे असे त्याला कधी कुणी बजावले होते का, हा प्रश्न त्या मानाने फार कमी विचारला गेला आहे.

८ मार्च २०१४ ची पहाट घेऊ. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह इगारी नावाच्या बिंदूकडे चालले होते. इगारी हा दक्षिण चीन समुद्रावरचा नकाशावरचा एक बिंदू आहे. कागदोपत्री तो भाग सिंगापूरच्या हद्दीतला. सिंगापूरने तो मलेशियाकडे नियंत्रणासाठी सोपवलेला होता, आणि पलीकडे व्हिएतनामचे हो ची मिन्ह केंद्र सुरू होत होते. म्हणजे हद्दीवरही आणखी एक हद्द चढलेली. विमान तिथे १ वाजून २२ मिनिटांनी पोहोचणार होते. क्वालालंपूरने १ वाजून १९ मिनिटांनीच वैमानिकाला हो ची मिन्हशी बोलायला सांगितले. वैमानिकाने शुभरात्री म्हटले आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत विमान पडद्यावरून नाहीसे झाले.

आता दोन खोल्यांकडे बघा. क्वालालंपूरच्या खोलीत ते विमान ‘दिले गेलेले’ होते. ते पुढे गेले, आपले काम संपले. हो ची मिन्हच्या खोलीत ते ‘अजून आलेले नाही’ होते. येईल, बोलेल. दोन्ही केंद्रांमधल्या लेखी करारात स्पष्ट नोंद होती की ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांत विमानाशी संपर्क झाला नाही तर घेणाऱ्याने देणाऱ्याला कळवावे. हो ची मिन्हहून चौकशी झाली ती १ वाजून ३९ मिनिटांनी. त्यानंतरचा काळ आणखी क्लेशदायक आहे. विमान कंपनीच्या कार्यालयाकडून विमान कंबोडियाच्या आकाशात असल्याचे कळले, आणि क्वालालंपूरने ते तसेच हो ची मिन्हला पुढे सांगितले. ती जागा खरी नव्हती. विमान ठरल्या मार्गाने गेले असते तर जिथे असते ती ती जागा होती, संगणकाने मांडलेली. कंपनीने हे स्पष्ट केले तेव्हा साडेतीन वाजले होते. शोध आणि बचाव केंद्र कार्यान्वित झाले साडेपाचच्या सुमारास. विमानाचे काय झाले हे कोडे आजही सुटलेले नाही, आणि समन्वय चोख असता तर ते सापडलेच असते असा दावा मी करणार नाही. पण सुरुवातीचे ते चार तास विमान कुणाच्याच हद्दीत नव्हते, ही गोष्ट २०१८ च्या मलेशियन तपास अहवालात कुणालाही वाचता येते.

या व्यवसायाचा जन्मच हद्दीच्या प्रश्नातून झाला. १ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत नेवार्क येथे पहिले मार्ग-नियंत्रण केंद्र सुरू झाले. ते सरकारचे नव्हते. विमान कंपन्यांनी आपापसात ठरवून काढलेले होते, कारण ढगांमध्ये एकमेकांची विमाने एकाच वेळी एकाच विमानतळाकडे येऊ लागली होती आणि कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी शिकागो आणि क्लीव्हलँड येथे केंद्रे झाली आणि १९३६ च्या जुलैत सरकारने ती ताब्यात घेतली. त्या नियंत्रकांना वैमानिकाशी थेट बोलता येत नसे. ते कंपनीच्या डिस्पॅचरला फोन करीत आणि डिस्पॅचर विमानाला रेडिओवर कळवी. नकाशावर छोट्या खुणा सरकवत, फळ्यावर वेळा लिहीत काम चाले. म्हणजे रडारच्या आधी, थेट रेडिओच्याही आधी, हा धंदा टेलिफोनवरच्या परस्पर समजुतीचा होता. ते मूळ अजून सुटलेले नाही.

३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळून १२८ माणसे गेली. ती टक्कर अनियंत्रित आकाशात झाली. तिथे हद्दच नव्हती, म्हणून जबाबदारीही नव्हती. त्या धक्क्याने १९५८ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र संघीय यंत्रणा उभी राहिली, रडार वाढले, केंद्रे वाढली. आणि केंद्रे वाढली तशा हद्दी वाढल्या. १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कवर जे घडले त्याकडे या दृष्टीने पाहावे लागते. युनायटेडचे डीसी-८ विमान आयडलवाइल्डकडे येत होते. त्याच विमानतळाला आज आपण जेएफके म्हणतो. टीडब्ल्यूएचे कॉन्स्टेलेशन लाग्वार्डियाकडे येत होते. पहिले विमान न्यूयॉर्क केंद्राच्या ताब्यातून आयडलवाइल्ड अप्रोचकडे सोपवले जात होते आणि दुसरे लाग्वार्डिया अप्रोचच्या ताब्यात होते. केंद्राने डीसी-८ ला रडार सेवा संपल्याचे सांगून पुढे बोलायला सांगितले, तेव्हा ते विमान जिथे घिरट्या घालत थांबायचे होते तो बिंदू ओलांडून मैलोगणती पुढे निघून गेले होते. त्याचा एक दिशादर्शक रिसीव्हर बंद होता आणि वैमानिकांनी ते नियंत्रकांना कळवलेले नव्हते. लाग्वार्डियाच्या नियंत्रकाला पडद्यावर एक अनोळखी ठिपका जवळ येताना दिसत होता आणि त्याने आपल्या विमानाला तसे सांगितलेही. पण तो ठिपका कुणाचा, हे त्याला विचारायला वेळ उरला नव्हता. विमानांतले १२८ आणि ब्रुकलिनच्या रस्त्यावरचे ६ असे १३४ बळी गेले. एकाच शहराच्या आकाशाकडे तीन ठिकाणांहून पाहणारी तीन माणसे होती. त्या तिघांना मिळून जे दिसत होते, ते कुणा एकाला दिसत नव्हते.

पुढची अर्धी कथा युरोपातली आहे, कारण लहान देश आणि घनदाट वाहतूक यांमुळे तिथे हद्दींची दाटी आहे. हद्द देशांचीच असते असे नाही. १९७६ च्या सप्टेंबरात झाग्रेबवर ब्रिटिश एअरवेजचे ट्रायडंट आणि इनेक्स-अॅड्रियाचे डीसी-९ यांची टक्कर होऊन १७६ माणसे मेली. तिथे देणारा आणि घेणारा एकाच दालनात बसलेले होते, एक मधल्या थराचा आणि एक वरच्या थराचा. विमान एका थरातून दुसऱ्यात चढत असताना त्याची कागदी पट्टी, म्हणजे स्ट्रिप, घेणाऱ्याच्या हातात वेळेवर पोहोचली नाही. वरच्या थराच्या नियंत्रकाच्या जोडीला असायला हवा तो सहकारी त्या क्षणी जागेवर नव्हता. खटला नियंत्रकांवर चालला आणि तुरुंगात गेला तो एकटा वरच्या थराचा नियंत्रक. माझ्या मते तो न्याय अपुरा होता.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर जे झाले ते या संग्रहाच्या वाचकाला तपशीलवार माहीत असलेच पाहिजे. बाश्किरियन एअरलाइन्सचे तुपोलेव्ह आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७ सुमारे पस्तीस हजार फुटांवर आदळले आणि ७१ जण गेले. त्यांत सुटीला निघालेली बरीच शाळकरी मुले होती. जमीन जर्मनीची, पण तिथल्या आकाशाचे नियंत्रण झुरिचहून स्विस कंपनी स्कायगाइड करीत असे. झुरिचच्या कक्षात एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता. दुरुस्तीसाठी मुख्य टेलिफोन यंत्रणा बंद ठेवलेली होती आणि पर्यायी यंत्रणेत दोष होता. धोक्याचा डोळ्यांना दिसणारा इशाराही त्या रात्री पडद्यावर येत नव्हता. उशिरा आलेल्या एका विमानाला फ्रिडरिक्सहाफेनला उतरवायचे होते. नियंत्रक तिथे फोन लावत होता, पुन्हा पुन्हा लावत होता, आणि तो लागत नव्हता. त्याचे लक्ष त्या फोनमध्ये अडकले.

त्याच वेळी कार्ल्सरूह इथल्या जर्मन केंद्रातल्या नियंत्रकाच्या पडद्यावर ही टक्कर होऊ घातल्याचा इशारा आला होता. त्याला दोन्ही विमाने दिसत होती. त्याने झुरिचला थेट लाइनवरून अकरा वेळा फोन लावला आणि तो एकदाही लागला नाही. दुसऱ्याच्या ताब्यातल्या विमानाशी परस्पर बोलायचे नाही, ही शिस्त त्याच्या हाडीमाशी मुरलेली होती. ती शिस्त योग्यच आहे, कारण दोन आवाज एकाच विमानाला सूचना देऊ लागले तर गोंधळ उडेल. ज्याला धोका दिसत होता त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला तो फार उशिरा दिसला. शेवटी झुरिचने तुपोलेव्हला खाली यायला सांगितले आणि काही सेकंदांतच विमानातल्या टीकॅस या टक्कर टाळणाऱ्या यंत्राने वर जायला सांगितले. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. बोइंगने यंत्राचे ऐकले आणि तेही खाली आले. दोन वर्षांच्या आत झुरिचच्या त्या नियंत्रकाचा, ज्याचे कुटुंब त्या विमानात गेले अशा एका शोकग्रस्त पित्याने खून केला. २००७ मध्ये कंपनीचे चार अधिकारी निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरले. त्याआधी २००६ मध्ये कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने, त्या आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडकडे सोपवण्याला पक्का कायदेशीर आधारच नव्हता असे म्हणून जर्मनीला जबाबदार धरले. रोज जिथून विमाने जात होती त्या हस्तांतराचा कागदच कच्चा निघाला.

२९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यावर गोल कंपनीचे बोइंग ७३७ आणि एक छोटे खासगी जेट आदळले आणि बोइंगमधले सर्व १५४ प्रवासी व कर्मचारी गेले. खासगी जेटला निघताना मिळालेली परवानगी अर्धवट शब्दांत पुढे सांगितली गेली होती. ते ३७ हजार फुटांवरच राहिले, आणि ब्राझिलियाच्या संगणकाने ठरल्या आराखड्याप्रमाणे ते ३६ हजारांवर असल्याचे दाखवले. उंची कळवणारा त्याचा ट्रान्सपाँडर बंद पडला होता. पाळी बदलताना पहिल्या नियंत्रकाने पुढच्याला ‘३६ हजार’ असेच सांगितले आणि पुढच्याने ते तसेच घेतले. एकदा आकडा पडद्यावर उमटला की तो आराखड्यातला आहे की प्रत्यक्ष मोजलेला, हे विचारण्याची सवय मोडते.

या साऱ्यावर जगाने दोन उपाय शोधले. पहिला म्हणजे केंद्राकेंद्रांमधला लेखी करार, सगळीकडे एलओए म्हणून ओळखला जाणारा. विमान कुठे सोपवायचे, कोणत्या उंचीवर, मागच्यापुढच्या विमानांत किती अंतर ठेवून, किती मिनिटे आधी कळवायचे, लाइन बंद पडली तर काय करायचे आणि विमान बोललेच नाही तर कुणी कुणाला विचारायचे, हे त्यात असते. असे करार दरवर्षी तपासले जातात की कपाटात पडून राहतात, यावर केंद्राचा दर्जा ठरतो. दुसरा उपाय यंत्राचा. युरोपात ओएलडीआय आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागात एआयडीसी नावाने केंद्रांचे संगणक आपसात एस्टिमेट पाठवतात. फोनवर ऐकण्याच्या चुका त्यामुळे खूप घटल्या, हे निर्विवाद आहे. पण पलीकडच्या संगणकाकडून पोच आली याचा अर्थ संदेश नियमांत बसला एवढाच असतो. पलीकडच्या माणसाने तो वाचला, त्यावर विचार केला, त्याला तो खटकला नाही, यातले काहीही त्या पोचेत नसते. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनमध्ये एका विमानाच्या आराखड्यात एकाच नावाचे दोन बिंदू आले, एक अमेरिकेतला आणि एक फ्रान्समधला. युरोपच्या मध्यवर्ती यंत्रणेने तो आराखडा स्वीकारून पुढे पाठवला होता. ब्रिटनच्या यंत्रणेला तो उलगडेना. मूळ आणि राखीव असे दोन्ही संगणक थांबले आणि सात लाखांहून अधिक प्रवासी अडकले. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी नियमानेच वागत होत्या.

हे सर्व समजून घ्यायला अभ्यासकांच्या काही परंपरा आहेत, आणि त्यांतल्या वादाची चव घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही. चार्ल्स पेरो या समाजशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ‘नॉर्मल अॅक्सिडेंट्स’ या पुस्तकात मांडले की गुंतागुंतीच्या आणि घट्ट बांधलेल्या यंत्रणांत अपघात अटळच असतात. त्याला उत्तर दिले बर्कलेच्या अभ्यासकांनी. टॉड ला पोर्ट, कार्लीन रॉबर्ट्स आणि जीन रॉकलिन हे विमानवाहू युद्धनौकेवर आणि हवाई नियंत्रण केंद्रांत जाऊन बसले आणि विचारले, एवढे धोक्याचे काम ही माणसे इतक्या क्वचित चुकत कसे करतात? जेम्स रीझनने अपघाताकडे अनेक आवरणांतली भोके एका रेषेत येण्याची घटना म्हणून पाहायला शिकवले, आणि आज प्रत्येक तपास अहवालावर त्याची छाप आहे. ती उपयुक्त आहे, पण तिच्यामुळे शीव हे आणखी एक आवरण म्हणूनच गणले जाते, आणि हे मला पटत नाही. शीव हे आवरण नसते. दोन आवरणे जिथे जोडलेली असतात ती जागा असते.

मला अधिक जवळची वाटते ती प्रत्यक्ष कक्षात बसून पाहणाऱ्यांची परंपरा. लँकेस्टरच्या संशोधकांनी आणि फ्रान्समध्ये वेंडी मॅके यांनी कागदी स्ट्रिपचा बारकाईने अभ्यास केला. स्ट्रिप रॅकमध्ये जराशी तिरकी सरकवून ठेवली की शेजारच्याला न बोलता कळते, इथे लक्ष ठेव. हाताने हातात स्ट्रिप देताना घेणारा तिच्याकडे पाहतोच. मॅके यांच्या १९९९ च्या लेखाचा प्रश्न होता की कागद अधिक सुरक्षित तर नव्हे ना. कागद परत आणा असा त्याचा अर्थ नाही. कागदाने जे काम मुकाट्याने केले ते पडद्यावर कोण करणार, एवढेच विचारायचे आहे. डायान व्हॉन यांनी न्यू इंग्लंडमधल्या चार केंद्रांत दीर्घकाळ बसून लिहिलेले, २०२१ मध्ये आलेले ‘डेड रेकनिंग’ याच वाटेवरचे आहे. शिवेवर काय चालले आहे याचे भान राखणे हे नियंत्रकाचे वेगळे कौशल्य असते आणि ते वर्षानुवर्षे अंगी मुरवावे लागते, हे त्यातून दिसते. नव्या वाचकाने एकच पुस्तक वाचायचे ठरवले तर मी हे सांगेन.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार माहिती-प्रदेशांत वाटलेले आहे, आणि मुंबईचा प्रदेश अरबी समुद्रावर फार दूरवर पसरलेला आहे. कराची, मस्कत, मोगादिशू, सेशेल्स, माले असे शेजारी त्याला आहेत. यांतल्या मोगादिशूच्या आकाशाचा कारभार सोमालियातल्या यादवीनंतर वर्षानुवर्षे नैरोबीतून चालवावा लागला. संपूर्ण नियंत्रण सेवा तिथे २०२३ मध्ये परतली, आणि २०२४ च्या सुरुवातीला सोमालिया-सोमालीलँड वादात वैमानिकांना परस्परविरोधी सूचना मिळत असल्याच्या तक्रारी आल्या. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र आणि हिंदी महासागर या पट्ट्यात उंचीच्या मोठ्या विसंगतींची नोंद ठेवली जाते. तिच्या वर्गवारीत ‘केंद्राकेंद्रांमधल्या हस्तांतरातली मानवी चूक’ असा स्वतंत्र वर्गच आहे. २००३ पासून या भागात वरच्या आकाशात दोन विमानांत फक्त एक हजार फुटांचे उभे अंतर असते. एस्टिमेटमधली उंची चुकली की ते अंतर नाहीसे होते.

जमिनीवर या. पुण्याच्या लोहगावचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे. दाबोळीला ते नौदलाकडे आहे, आणि जानेवारी २०२३ पासून त्याच गोव्यात मोपाला विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक आहेत. मुंबईत सांताक्रूझ विमानतळाच्या जवळच जुहूच्या धावपट्ट्या आहेत. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे विमान चुकून तिथे उतरले होते. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळही त्याच आकाशात आला आहे. न्यूयॉर्कने १९६० साली जे भोगले त्याचा धडा इथे आधीच गिरवलेला असला पाहिजे. नागरी आणि लष्करी यंत्रणांनी आकाश वाटून घेण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने आदळून ३४९ माणसे गेली. चूक प्रामुख्याने कझाक विमान ठरल्या उंचीखाली उतरल्याची होती. पण दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव असल्यामुळे येणारी-जाणारी विमाने एकाच अरुंद पट्ट्यातून जात होती, आणि विमानाची उंची दाखवणारे दुय्यम रडार अजून वापरात आलेले नव्हते. त्यानंतर मार्ग वेगळे झाले, टीकॅस सक्तीचे झाले.

आज हा विषय पुन्हा पेटला आहे तो अमेरिकेमुळे. नेवार्कच्या आकाशाचे नियंत्रण जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला हलवले. २८ एप्रिल २०२५ ला तिथली दळणवळणाची लाइन तुटली आणि सुमारे ९० सेकंद नियंत्रकांना ना रडार दिसत होते ना वैमानिकांशी बोलता येत होते. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ जण गेले. त्यानंतर काही महिन्यांनी उघड झाले की तिथला टॉवर आणि पेंटागॉन यांच्यातली थेट हॉटलाइन मार्च २०२२ पासूनच बंद होती. ती बंद असल्याने तो अपघात झाला असे कुणी म्हटलेले नाही. पण दोन केंद्रांना जोडणारी लाइन तीन वर्षे मुकी राहते आणि ते कुणाच्याच कामात अडत नाही, यातून तिथली माणसे किती गोष्टी गृहीत धरून चालत होती ते दिसते. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले आणि पश्चिमेकडची वाहतूक अरबी समुद्रावरच्या मोजक्या वाटांवर सरकली. त्या वाटांवर मुंबई आणि मस्कत यांच्यातला समन्वय हाच आधार आहे.

याच काळात विमानतळ प्राधिकरणाने चारही प्रदेशांचे आकाश एकत्र करून नागपूरहून सांभाळण्याची ‘ईशान’ ही कल्पना पुढे आणली आहे. मी तिचे स्वागत करतो. देशातल्या देशात चार केंद्रांमधली हस्तांतरे कमी होणे चांगलेच. पण इशाराही द्यायला हवा. युरोपात १९७२ मध्ये सुरू झालेल्या मास्ट्रिक्टच्या केंद्राने बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीचे वरचे आकाश एकत्र सांभाळून दाखवले, हे खरे. तरीही तिथे सेक्टर आहेतच, आणि खालच्या आकाशाशी हद्द आहेच. झाग्रेबला दोन थर एकाच दालनात होते. एकत्रीकरणाने शीव पुसली जात नाही, ती आत सरकते. नागपूरच्या आराखड्यात यंत्रांवर जितका खर्च होईल त्याच्या जोडीने घेणाऱ्या नियंत्रकाला थांबवून विचारण्याचा अधिकार, वेळ आणि पुरेसे हात मिळायला हवेत.

या संग्रहात नियंत्रक, वैमानिक, दळणवळण अभियंते, कायद्याचे अभ्यासक आणि काही समाजशास्त्रज्ञ यांचे लेख आहेत. त्यांची मते जुळत नाहीत, आणि संपादक म्हणून मी ती जुळवण्याचा प्रयत्न केलेला नाही. कुणाला यंत्रांवर विश्वास आहे, कुणाला माणसांवर. लष्करी-नागरी वाटपाबद्दल तर दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत. अपघातांची यादी देणे हा हेतू नाही. एका विमानाचे एका हातातून दुसऱ्या हातात जाणे म्हणजे नेमके काय, ते कोणत्या कागदावर, कोणत्या तारेवर आणि कोणत्या सवयीवर उभे असते, हे मराठीत प्रथमच सलग मांडावे, एवढीच उमेद आहे. तांत्रिक शब्द जिथे नियंत्रक रोज जसे वापरतात तसेच ठेवले आहेत. त्यांना ओढूनताणून मराठी केलेले नाही.

नव्या वाचकाने संग्रह कुठूनही सुरू करावा. त्याआधी युबरलिंगेन आणि एमएच ३७० यांचे अधिकृत अहवाल मिळवून निदान घटनाक्रमाची पाने वाचावीत, ही विनंती. दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत. वाचताना प्रत्येक मिनिटाच्या नोंदीपाशी थांबून, या क्षणी कुणी कुणाला काय विचारायला हवे होते ते समासात लिहून ठेवावे.